बादलीतला टोमॅटो



आम्ही मीरा-भाईंदरहून बोलतोय. भाईंदर पूर्वेला आमचा बारा जणींचा बचत गट आहे. आमच्यात कोणी चिपळूणकडच्या, कोणी साताऱ्याच्या, दोघी जळगावच्या, आणि एक मावशी इथल्याच, उत्तनच्या. आम्हा गावाकडून आलेल्यांच्या घरामागे परस होता. सांडपाणी जायचं तिथे अळू असायचं, वांग्याची चार झाडं, मिरची असायची. टोमॅटो मुद्दाम कोणी लावायचं नाही, तो उकिरड्यावर आपोआप यायचा. इथे आमच्याकडे आहे ती गॅलरी. साडेतीन फूट रुंद, लोखंडी जाळी मारलेली, त्यात कपड्यांची दोरी आणि पाण्याचं पिंप.

आज बोलायचंय ते या गॅलरीत, बादलीत लावलेल्या टोमॅटोबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जमीन आहे, आम्हाला बादली कशाला? पण गावात तरी सगळ्यांकडे कुठे जमीन असते? कोणाचं घर गावठाणात भिंतीला भिंत लावून, कोणाच्या अंगणात नुसता कातळ, कोणाच्या परसात शेळ्या-कोंबड्या काही टिकू देत नाहीत. आणि पाण्याची ओढ लागली की अख्ख्या परसाला पाणी कुठून आणायचं? चार बादल्यांना मात्र भाजी-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा बरंचसं पुरतं.

तर सुरुवात झाली २०२३ च्या जुलैमध्ये. तुम्हाला आठवत असेल, त्या महिन्यात टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला, काही दिवस तर दीडशेच्याही वर. त्याच वर्षी मे महिन्यात नाशिककडच्या शेतकऱ्यांनी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतले होते, आणि दोन महिन्यांत ही गत! आम्ही चिंच-आमसुलावर दिवस काढत होतो. गटाच्या बैठकीत हप्त्यांचं राहिलं बाजूला, सगळा वेळ टोमॅटोच. एकीने म्हटलं, आपण घरीच लावू, उरले तर विकू. सगळ्यांना पटलं. गटाच्या जमा रकमेतून ४,८०० रुपये काढले. रंगाऱ्यांकडून रंगाच्या रिकाम्या वीस लिटरच्या २४ बादल्या घेतल्या, प्रत्येकीला दोन. बी आणलं, खत आणलं, सुतळी, काठ्या आणल्या.

माती मात्र विकत घ्यायची नाही असं ठरलं. मातीला कोण पैसे देतं, असं आमचं म्हणणं. भाईंदरला खाडी आहे, मिठागरं आहेत. खाडीकडच्या बांधावरची ती काळीभोर, लोण्यासारखी माती पाहून घाटावरच्या बायकांना वाटलं, वा, ही तर आपल्या शेतातल्या काळीसारखीच. गोण्या भरून आणली. तिवरांच्या जागेतून माती उचलणं कायद्यात बसत नाही, हेही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रोपं लावली आणि आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या, जणू कोणी काडी ओढून लावली. आम्ही म्हटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. मग म्हटलं खत कमी पडतंय, म्हणून खत वाढवलं. दिवाळीपर्यंत २४ पैकी १७ रोपं गेली. उरलेल्या सातांना गोट्यांएवढी फळं आली. सगळ्या बादल्यांचे मिळून चार किलोही टोमॅटो झाले नाहीत.

पुढच्या बैठकीत आमच्यातली एक जण, चार घरची धुणीभांडी करणारी, उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, "महिन्याला शंभर रुपये मी कशी टाकते ते मला माहीत. त्या पैशांची तुम्ही माती केलीत." कोणाला उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन महिने तिने बचत भरली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो तर चहा दिला, पण विषय काढू दिला नाही. गट मोडतो तो अशाच गोष्टींवरून, हे तुम्हालाही माहीत असेल.

चूक कशात होती ते उत्तनच्या मावशींनी सांगितलं. लावणीच्या वेळी त्या आजारी होत्या, आल्या नव्हत्या. वाळलेल्या बादलीच्या काठावर पांढरी बुरशीसारखी पुटं चढली होती. मावशींनी ती नखाने खरवडली आणि म्हणाल्या, "अगं, हे मीठ आहे. खाजणातली माती आणलीत तुम्ही. इथे भातसुद्धा वेगळ्या वाणाचा लावतात." खाऱ्या मातीत पाणी असूनही झाडाच्या मुळांना ते ओढून घेता येत नाही. माती ओली आणि झाड तहानलेलं. आम्ही वरून आणखी खत घालत होतो, म्हणजे आणखी क्षार.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण खारी माती फक्त आमच्या खाडीला नाही. घाटावर ऊस आणि पाटाचं पाणी यांनी चोपण झालेल्या जमिनी तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिल्या असतील. काही ठिकाणचं बोअरचं पाणीही मचूळ असतं. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला कोकोपीट म्हणतात, त्यातही पुष्कळदा क्षार असतात. तो वापरायच्या आधी दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवून पिळून घ्यावा. आता आम्ही कुठलीही माती भरली की एक परीक्षा करतो. वाटीभर मिश्रणात चिमूटभर मेथी पेरायची. चार-पाच दिवसांत मेथी टरारून आली तर माती चांगली. तुरळक आली, पिवळी पडली, तर त्या मातीत टोमॅटो लावायचा नाही. दोन रुपयांची मेथी ४,८०० रुपये वाचवू शकली असती.

दुसऱ्या वर्षी आम्ही घाई केली नाही. जरा माहिती काढली, वाचलं. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर हे खरं तर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि थोड्या जागेत, घरच्या काडीकचऱ्यातून माती बनवून शेती कशी करायची ते माणसांना करून पाहायला लावलं. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक आहे. त्याच वाटेने मुंबईत गोदीच्या, म्हणजे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या आसपास बाग सुरू केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथेच जिरवायचा आणि त्यावर भाज्या-फळझाडं वाढवायची. सिमेंटच्या गच्चीवर हे होतं, तर माती आपल्यालाही बनवता येईल, असा धीर आला.

मग आम्ही उन्हाळ्यातच दोन बादल्या खताला लावल्या. तळाला भोकं, मग वाळका पालापाचोळा, त्यावर भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, पुन्हा पालापाचोळा, आणि मधून मूठभर जुनं शेणखत. शिजलेलं अन्न, तेलकट, खारट काही घालायचं नाही. ओलं घातलं की दुप्पट वाळकं घालायचं, नाहीतर वास येतो, आणि इमारतीत वास आला की भांडण आलंच. अडीच-तीन महिन्यांत चहाच्या पुडीसारखं काळं, सुट्टं, मातीच्या वासाचं खत झालं.

आता बादली कशी भरायची ते सांगतो. एक वाटा चांगली लाल किंवा शेतातली माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, गांडूळखत किंवा हे घरचं खत, आणि एक वाटा धुतलेलं कोकोपीट किंवा कुजलेला पाला. गावाकडे कोकोपीट शोधत बसू नका, कुजका पाला उत्तम. वर एक मूठ निंबोळी पेंड. ताजं शेण कधीही घालू नका, ते बादलीत तापतं आणि मुळं जाळतं. बादलीच्या बुडाला पाच-सहा भोकं, आणि बुडापासून दोन बोटं वर, बाजूला आणखी तीन-चार. भोकांवर नारळाची शेंडी किंवा कौलाचा तुकडा ठेवायचा. बादली काठोकाठ न भरता वर तीन बोटं जागा सोडायची, म्हणजे पाणी ओतता येतं. ज्या पिंपात औषधं, ॲसिड किंवा कसलं रसायन होतं ते घेऊ नका. रंगाच्या बादल्याही आम्ही आतला वाळका रंग खरवडून, घासून, दोन दिवस उन्हात ठेवून मगच घेतल्या.

बादली केवढी, हा प्रश्न सगळ्या जणी विचारतात. एका झाडाला वीस लिटरची, निदान पंधरा लिटरची. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा चालतो, पण उन्हात तो तापतो, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळा. उत्तनला मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या टाकून दिलेल्या मिळतात, खोल असतील तर त्याही चालतात. पण मीठ जाईस्तोवर धुवायच्या. आमच्यातल्या दोघींनी हौसेने एका बादलीत दोन-दोन रोपं लावली. झाडं वाढली, फुलं आली, फळं मात्र लिंबाएवढीच राहिली. टोमॅटो मोठा हवा असेल तर मुळांना जागा हवी, बाकी सगळं त्याच्या नंतर. पाच लिटरच्या कॅनमध्ये लावायचंच असेल तर बारीक, चेरी जातीचा टोमॅटो लावा, तो तिथे खूश असतो.

बी कुठलं घ्यायचं? बाजारातल्या टोमॅटोचं बी काढून लावलं तर उगवतं, पण तो बहुतेक संकरित असतो, पुढची झाडं आईसारखी निघतीलच असं नाही. पुसा रुबी हा जुना सरळ वाण आहे, त्याचं बी पुढच्या वर्षीसाठी धरता येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा धनश्रीही चांगला. बंगळुरूच्या संस्थेचा अर्का रक्षक संकरित आहे. त्याचं बी धरता येत नाही, पण पर्णगुच्छ, मर आणि करपा या तिन्ही रोगांना तो दाद देत नाही, फळही साधारण नव्वद-शंभर ग्रॅमचं. आम्ही अर्धी रोपं पुसा रुबीची आणि अर्धी अर्का रक्षकची केली.

वेळ फार महत्त्वाची. आमच्याकडे कोकणपट्टीत पावसाळ्यात टोमॅटो टिकत नाही, आणि उन्हाळ्यात फुलं गळतात. रात्रीसुद्धा उकडत असेल तर फुलात फळ धरत नाही. खत घाला, औषध मारा, काही उपयोग होत नाही. म्हणून गणपतीत बी, दसऱ्याला रोप, नाताळ-संक्रांतीला फळ, असा आमचा हिशेब. घाटावर, विदर्भ-खानदेशात तुमचे हंगाम वेगळे आहेत आणि ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतात. (विदर्भातल्या आमच्या ओळखीच्या काकू टोमॅटोला भेदरं म्हणतात. आमच्या जळगावच्या दोघींना त्याची फार गंमत वाटते.)

बी अर्धा पेर खोल पेरायचं. पाच ते आठ दिवसांत उगवतं, पंचवीस-तीस दिवसांत रोप वीतभर होतं. बादलीत लावताना खालची पानं काढून रोप खोल गाडायचं, वरची तीन-चार पानं फक्त बाहेर. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेल्यावर नव्या मुळ्या फुटतात, वांगी-मिरचीसारखं वरवर लावू नका. काठी त्याच दिवशी रोवायची, नंतर रोवली तर मुळं तुटतात. सुतळी सैल बांधायची, खोड जाड होतं.

ऊन दिवसाला सहा तास तरी पाहिजे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत दिवसभर ऊन येतं आणि उत्तरेच्या गॅलरीत येतच नाही. आमच्या चार जणींच्या गॅलऱ्या उत्तरेच्या निघाल्या. त्यांच्याकडे मग पुदिना आणि अळू लावलं, उगाच टोमॅटोचा हट्ट धरला नाही. त्यामुळे दुसऱ्या वर्षी टोमॅटोच्या बादल्या झाल्या १६.

आता पाणी. सगळ्यात जास्त माल आमचा पाण्याने घालवला, तेव्हा हे नीट ऐका.

दुसऱ्या वर्षी झाडं छान झाली, हिरवी फळं लगडली. आणि मग एकेका फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडायला लागला. आम्ही म्हटलं कीड आहे. एकीने दुकानातून औषध आणून मारलं. दुसरी म्हणाली अंड्याची टरफलं घाला, कोणीतरी सांगितलंय. टरफलं घातली, डाग पडतच राहिले. ती कीड नाही, बुरशी नाही. फळाच्या बुडाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पोचलं की असं होतं. तो मातीत असतो, पण पाण्याबरोबरच वर चढतो. पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस काहीच नाही, असं झालं की तो फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. टरफलं कुजायला महिने लागतात, म्हणून त्यांचा तेव्हा उपयोग नाही. खतात आधीपासून कुटून घातली तर ठीक.

आमचे दिवाळीचे चार दिवस गावी गेले, तिथेच घोटाळा झाला होता. शेजारणीला सांगितलेलं, ती विसरली. आल्यावर आम्ही मरगळलेल्या झाडांना बादलीभर पाणी पाजलं. त्याच आठवड्यात झाडांना पहिली बारीक फळं धरत होती, आणि नेमकी तीच पुढे बुडाला काळी पडली. तेव्हापासून नियम असा: रोज सकाळी एकाच वेळी, बुंध्याशी, सावकाश, खालून दोन थेंब गळेपर्यंत. रोप लहान असताना अर्धा लिटर, फळावर आलेलं झाड दीड-दोन लिटर पितं. आधी बोट मातीत दोन पेर घालून पाहायचं, ओलं लागलं तर थांबायचं. मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला पसरायचा, ओल टिकते. गावी जायचं असेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून ती बादलीत उलटी खोचून ठेवायची, आणि शिवाय गटातल्या एकीने येऊन पाहायचं. आमच्याकडे आता त्याची पाळी लावलेली आहे, वहीत नाव लिहून. नळाला पाणी कधी रात्री दोन वाजता येतं, कधी येत नाही, म्हणून झाडांसाठी एक डबा वेगळा भरून ठेवतो. तांदूळ-डाळीचं धुवण चालतं. मासे धुतलेलं पाणी मावशी घालतात, पण त्या मीठ लावण्याआधीचं पाणी घेतात आणि चौपट साधं पाणी मिसळतात. तरी मांजरं येतातच. साबणाचं पाणी मात्र नको.

फुलं आली की वारा नसलेल्या जाळीच्या गॅलरीत फळ धरत नाही, कारण फुलातला पराग फुलातच हलून पडावा लागतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलांच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारायची. आमच्या मुलांना हे काम फार आवडलं. खोड आणि पान यांच्या बेचक्यातून फुटवे निघतात, ते उंच वाढणाऱ्या झाडाचे बोटभर असतानाच खुडायचे, एक किंवा दोनच खोडं ठेवायची. झुडपी जातीचे फुटवे खुडू नका, तिथे फळच त्यांच्यावर येतं. एका घोसात सहा-सात फळं धरली तर टोकाची बारीक दोन-तीन काढून टाकायची. हे करताना जीव तुटतो, खरं सांगतो. पण उरलेली चार मुठीएवढी होतात. फुलं आल्यावर दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, आणि चुलीची राख असेल तर एक चमचा, जास्त नको. झाड नुसतंच हिरवंगार, दांडगं वाढत असेल आणि फूल नसेल, तर खत जास्त झालंय असं समजा.

किडीचं थोडक्यात. पांढरी माशी पानांच्या मागे बसते, तिच्यामुळे पानं मुरडतात. पिवळ्या डब्याच्या झाकणाला एरंडेल लावून झाडाजवळ टांगायचं, माश्या चिकटतात. लिटरभर पाण्यात एक चमचा निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं. फळात अळी दिसली तर फळ तोडून कचऱ्यात, खताच्या बादलीत नाही. आणि हिरवं झाड एका दुपारीत अचानक मान टाकतं, पाणी देऊनही उठत नाही, तर खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभं धरा. दुधासारखी तार सुटली तर तो मर रोग. ते झाड मातीसकट काढायचं, त्या मातीत पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची काही लावायचं नाही. सगळी एकाच कुळातली आहेत.

एक-दोन गोष्टी शेजारधर्माच्या. भरलेली बादली वीसेक किलोची होते, ती कठड्यावर ठेवायची नाही, खाली भिंतीलगत विटांवर ठेवायची. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत टाकलेल्या साड्यांवर मातीचं पाणी गळलं आणि त्यांनी तक्रार केली, ती बरोबरच होती. म्हणून बादल्यांखाली ताटल्या ठेवल्या. पण ताटलीत पाणी साचलं की डेंग्यूचे डास, म्हणून रोज पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटल्या ओतून टाकायच्या.

आता हिशेब, कारण आपण बचत गटाच्या बायका आहोत. दुसऱ्या वर्षी १६ बादल्यांतून साधारण २८ किलो टोमॅटो निघाले. फळ जरा लालसर झालं की तोडून घरात पिकवायचं, म्हणजे पाखरं आणि अळी यांच्या आधी आपल्याला मिळतं. पण ते निघाले जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हा बाजारात टोमॅटो वीस-पंचवीस रुपये किलो होता. म्हणजे सहा-सातशे रुपयांचा माल, तोही घरी खाल्ला. जुलैत शंभर रुपये झाला म्हणून आम्ही धावलो, आणि जुलैत आमच्या बादलीत तो येतच नाही! हे आधी कोणी बसून मांडलं असतं तर ४,८०० रुपये काढले नसते. म्हणून तुम्हाला सांगतो, बादलीतल्या टोमॅटोसाठी गटाचं कर्ज काढू नका. दोन बादल्यांपासून, घरातल्या वस्तूंवर सुरू करा. विकत आणलेल्या टोमॅटोला तो वास नसतो आणि मुलं झाडावरून तोडून तसाच खातात, हा फायदा आहे, पण तो वहीत जमेच्या बाजूला लिहिता येत नाही.

पैसे आले ते रोपांचे. जास्तीचं बी लावलं होतं, त्याची १८० रोपं इमारतीतल्या आणि बाजारातल्या बायकांनी दहा रुपयांना एक अशी नेली. त्या वर्षीचा खर्च ११०० झाला होता, म्हणजे ७०० रुपये गटात परत गेले. जुलैसाठी आम्ही आणखी एक गोष्ट केली. जानेवारीत स्वस्ताईचे पाच किलो टोमॅटो विकत घेतले आणि चकत्या करून, थोडं मीठ लावून, जाळीखाली उन्हात वाळवले. भाईंदरच्या दमट हवेत पाच-सहा दिवस लागले, तुमच्याकडच्या कोरड्या उन्हात लवकर होतील. कट्कन मोडेपर्यंत वाळवायचे, नाहीतर बुरशी येते. किलोचे जेमतेम सत्तर-ऐंशी ग्रॅम होतात. पण पावसाळ्यात आमटीत चार चकत्या टाकल्या की काम भागतं.

ती जी मैत्रीण बैठकीत बोलली होती, ती परत आली. रोपांच्या विक्रीची वही आता तिच्याकडे आहे. दर महिन्याला ती बैठकीत वाचून दाखवते, "टोमॅटोचे अजून ४,१०० रुपये बाकी." यंदा ३०० रोपं करायचं ठरवलंय. बी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पेरणार आहोत, मिश्रणाची मेथी परवाच पेरून पाहिली, चांगली आली आहे.